पिट्युटरी आणि शेजारपाजार : नाकातून दुर्बिणीने काढायच्या गाठी

उपवनकाठ (कान-नाक-घसा, ठाणे)

‘नाकातून करतात, टाका नाही, चार दिवसांत घरी.’ पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या हॉर्मोनच्या ग्रंथीच्या) ऑपरेशनबद्दल नातेवाइकांना एवढंच सांगितलं जातं. मग सातव्या दिवशी पेशंट गुंगीत का गेला, वाकल्यावर नाकातून पाणी का येतं, याचा खुलासा करायला कोणी सापडत नाही. म्हणून हा धागा. इथे भूलवाले, हॉर्मोनवाले, फिल्म वाचणारे, ओटीतल्या सिस्टर सगळे आहेत. आपापल्या खात्यातलं नेमकं लिहा. ‘माझा एक पेशंट होता’ छाप गोष्टी नकोत. पायऱ्या, मापं, कुठे चुकतं आणि का, तेवढं पुरे.

नाकापासून सुरू करतो. स्कोप ४ मिमी जाडीचा, १८ सेंमी लांब. बहुतेक काम शून्य अंशाच्या स्कोपवर होतं, कोपऱ्यात डोकावायला ३० किंवा ४५ अंशाचा. दोन सर्जन, चार हात, दोन्ही नाकपुड्या. उजव्या नाकपुडीत स्कोप घड्याळातल्या बाराच्या जागी, त्याच्या खाली सहाच्या जागी सक्शन. डावी नाकपुडी हत्यारांना मोकळी. स्कोप खाली सरकला की हत्याराशी टकरा सुरू होतात आणि सर्जन एकमेकांवर वैतागायला लागतात.

मधला टर्बिनेट (नाकाच्या बाजूची हाडाची पाकळी) बाहेरच्या बाजूला दाबायचा. मग स्फिनॉइडचं (पिट्युटरीखालच्या हवेच्या पोकळीचं) तोंड शोधायचं: कोआनाच्या (नाकाच्या मागच्या दाराच्या) वरच्या काठापासून एक-दीड सेंमी वर, वरच्या टर्बिनेटच्या आतल्या अंगाला. तोंड खालच्या दिशेने मोठं करताना हात आखडता ठेवा, कारण तिथूनच स्फिनोपॅलटाइन धमनीची सेप्टमकडे (नाकाच्या मधल्या पडद्याकडे) जाणारी फांदी जाते. ती अर्धवट कापली गेली तर ॲड्रेनलिनमुळे त्या वेळी आकसून गप्प बसते आणि आठ-दहा दिवसांनी घरी घोळणा फुटतो, तोही बादलीत धरावा लागेल असा. शंका आली तर तिथेच बायपोलरने बंद करा. मात्र पुढे भोक बुजवायला फ्लॅप (सेप्टमच्या आवरणाचा देठासकट उचललेला तुकडा) लागणार असेल तर हीच फांदी फ्लॅपचा प्राण आहे, तेव्हा आधी ठरवा आणि मग कोग्युलेशनच्या पेडलवर पाय ठेवा.

नंतर सेप्टमचा मागचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर काढायचा, म्हणजे दोन्ही बाजूंची हत्यारं एकाच खोलीत भेटतात. स्फिनॉइडची पुढची भिंत केरिसनने (हाड कुरतडायच्या पंचने) रुंद उघडायची. इथे कंजूषी केली तर पुढचे दोन तास न्यूरोवाल्यांना किल्लीच्या भोकातून काम करावं लागतं.

काळंपांढरं (रेडिओलॉजी)

नाकात शिरायच्या आधी सीटी बघा आणि स्वतः बघा. रिपोर्टवर विसंबू नका, हे रिपोर्ट लिहिणाराच सांगतोय.

एमआरआय गाठ दाखवतो, सीटी रस्ता दाखवतो. सायनसचा सीटी १ मिमी किंवा त्याहून पातळ छेदांचा, तिन्ही दिशांनी. पहिलं बघायचं ते स्फिनॉइडमध्ये हवा किती मागेपर्यंत आहे. सेलाच्या (पिट्युटरी बसते त्या हाडातल्या खळगीच्या) खालपर्यंत हवा असेल तर तळ सहज सापडतो. सेलाच्या पुढेच हवा थांबली असेल किंवा सायनस जवळजवळ भरीव असेल तर ड्रिलने वाट करावी लागते, आणि भरीव हाडात खाणाखुणा नसतात. लहान मुलांत हे हमखास.

दुसरं, सायनसमधले पडदे. मधला पडदा मधोमध असेल असं गृहीत धरणं ही जुनी चूक. बऱ्याचदा तो मागे जाऊन थेट कॅरोटिडच्या (मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीच्या) हाडाला चिकटलेला असतो. असा पडदा चिमट्यात धरून पिरगाळला तर हाडाबरोबर धमनीची भिंतही फाटू शकते. तो ड्रिलने झिजवायचा किंवा कापत्या पंचने टप्प्याटप्प्याने कातरायचा. तिसरं, ओनोडी पेशी: मागची एथमॉइड पेशी स्फिनॉइडच्या वर सरकलेली असते आणि ऑप्टिक नर्व्ह (नजरेची नस) तिच्या भिंतीत असते. ‘हाच स्फिनॉइड’ समजून आत गेलात तर पेशंटची नजर जाईल.

आणि सीटी अँजिओ किंवा एमआर अँजिओ. दोन कॅरोटिडमधलं अंतर मोजा. ॲक्रोमेगलीत (ग्रोथ हॉर्मोन जास्त बनण्याच्या आजारात) त्या फुगीर आणि वळणदार होऊन मधोमध आलेल्या असू शकतात. शिवाय सेलातली ‘गाठ’ खरं तर धमनीचा फुगा असू शकते. एमआरआयवर आत काळी पोकळी दिसली, तर अँजिओ झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीखच देऊ नका.

एमआरआयच्या टी-टू चित्रावर गाठ काळपट असेल तर ती चिवट असण्याची शक्यता जास्त. पक्कं भाकीत नाही, पण सर्जनला जास्त वेळ आणि जास्त हत्यारं मागवून ठेवता येतात.

ग्रंथीपाल (एंडोक्राइन)

सर्जन मंडळींनी हे आधी वाचावं. गाठ दिसली म्हणून टेबलावर घ्यायची नसते. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) बघा. ते बनवणारी गाठ, म्हणजे प्रोलॅक्टिनोमा, असेल तर पहिला उपाय कॅबरगोलिनची गोळी, आठवड्यातून दोनदा ०.२५ मिग्रॅपासून. नजर धोक्यात असली तरी बहुतेकदा गोळीच आधी, कारण काही दिवसांत गाठ आकसून नजर सुधारायला लागते. स्फिनॉइडमध्ये घुसलेली मोठी गाठ गोळीने आकसली तर तिनेच बुजवलेलं भोक उघडं पडून नाकातून पाणी येऊ शकतं, हे सांगून ठेवा.

आकड्यात दोन फसवणुका. एक, तीन-चार सेंमीची गाठ आणि प्रोलॅक्टिन फक्त ८०: लॅबला तोच नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा लावायला सांगा. हॉर्मोन प्रचंड असेल तर तपासणीतल्या दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या भरून जातात, सँडविच बनतच नाही आणि आकडा खोटा कमी येतो. दोन, कुठल्याही गाठीने पिट्युटरीला मेंदूशी जोडणारा देठ दाबला तरी प्रोलॅक्टिन वाढतं, पण ते सहसा १०० च्या आत. दोनशेच्या वर गेलं की प्रोलॅक्टिनोमाच्या बाजूने कौल.

सकाळी ८ चं कॉर्टिसोल, टी-फोर आणि टीएसएच दोन्ही (नुसतं टीएसएच इथे निरुपयोगी, ते नॉर्मल दिसतं आणि टी-फोर पडलेलं असतं), आयजीएफ-१, एलएच, एफएसएच, सोडियम. कॉर्टिसोल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन. उलट केलं तर पेशंट ॲड्रिनल क्रायसिसमध्ये जातो. डोळ्यांची पेरिमेट्री (नजरेचं क्षेत्र मोजणं) आणि ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) ऑपरेशनआधी झालीच पाहिजे, नाहीतर नंतर ‘नजर कमी झाली’ म्हणतात तेव्हा कशाशी तुलना करणार?

अचानक डोकं फुटेल असं दुखणं, उलटी, दोन-दोन दिसणं किंवा पापणी पडणं, आणि आत सेलात रक्त: ही ॲपोप्लेक्सी. आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून, मग फोन आणि फिल्म. ॲम्ब्युलन्स माजिवड्याला अडकली तरी औषध आत गेलेलं असलं पाहिजे.

खाडीपलीकडे (न्यूरोसर्जरी, नवी मुंबई)

ज्यांना हे ‘अगदी नवीन तंत्र’ वाटतं त्यांच्यासाठी एवढंच: श्लोफरने इन्सब्रुकमध्ये १९०७ साली नाकाच्या वाटेने पिट्युटरी गाठली, हर्शने १९१० मध्ये व्हिएन्नात नाकपुडीतून केलं. अमेरिकेतला सर्जन कुशिंग याने या वाटेने दोनशेहून जास्त केसेस केल्या आणि मग कवटी उघडण्याकडे वळला. बाकीचं जग त्याच्या मागे गेलं. एडिनबर्गच्या डॉटने वाट बुजू दिली नाही. त्याच्याकडून पॅरिसचा गियो शिकला, गियोकडून माँट्रियलचा हार्डी, आणि हार्डीने तिथे मायक्रोस्कोप आणला. निव्वळ दुर्बिणीची पद्धत नव्वदच्या दशकात पिट्सबर्गमध्ये जो आणि कॅराउ यांनी रुळवली. मायक्रोस्कोप बाहेरून बोगद्यात उजेड टाकतो. स्कोप उजेड आणि डोळा दोन्ही आत नेतो. फरक इतकाच, पण तो कोपऱ्यात कळतो.

आता कामाचं. सायनसमध्ये आल्यावर मागच्या भिंतीवर खुणा ओळखा: मधोमध सेलाचा फुगवटा, खाली क्लायव्हसचा (सेलाखालच्या उतरत्या हाडाचा) खोलगा, दोन्ही बाजूंना कॅरोटिडचे उंचवटे, वर ऑप्टिक, आणि ऑप्टिक-कॅरोटिडच्या मधली खाच. या पाच-सहा खुणा जुळल्याशिवाय हाडाला हात नाही. नेव्हिगेशन दीड-दोन मिमी चुकू शकतं, आणि डोक्याची पकड सरकली तर कितीही. म्हणून ड्युरा (मेंदूचं जाड आवरण) उघडण्याआधी मायक्रो-डॉपलर दोन्ही बाजूंना टेकवून कॅरोटिडचा आवाज ऐका. नेव्हिगेशन खोटं बोलेल, डॉपलर सहसा बोलत नाही.

सेलाचा तळ मोठ्या गाठीत अंड्याच्या टरफलाइतका पातळ झालेला असतो. नसेल तर ड्रिलच्या डायमंड बरने, सतत पाणी मारत. एका कॅव्हर्नस सायनसपासून (सेलाच्या बाजूची शिरांची पोकळी, कॅरोटिड तिच्यातून जाते) दुसऱ्यापर्यंत उघडा. ड्युरा मधोमध सुरू करून चौकडी छेद.

गाठ काढण्याचा क्रम: आधी खाली-मागे, मग दोन्ही बाजू, शेवटी वर. वरची आधी काढली तर डायफ्रॅम (सेलाच्या वरचा पडदा) फुग्यासारखा खाली उतरतो आणि बाजूच्या कोपऱ्यांतली गाठ त्याच्या मागे दडते. ‘सगळी निघाली’ असं वाटून बंद होतं आणि तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये तेच दोन कोपरे भरलेले दिसतात. राहिलेल्या गाठीची बरीच प्रकरणं या एका घाईतून येतात असं माझं मत आहे.

बहुतेक ॲडेनोमा (पिट्युटरीची नेहमीची गाठ) मऊ असतो, खिमटासारखा, राखाडी-पांढरा, सक्शनमध्ये येतो. नॉर्मल ग्रंथी पिवळसर-नारिंगी आणि घट्ट. ती सक्शनला येत नाही, येऊ देऊही नका. रिंग क्युरेट हलक्या हाताने गोल फिरवायचं, ओढायचं नाही. चिवट गाठ ओढली की ती ज्याला चिकटली आहे तेही ओढलं जातं: देठ, ऑप्टिक चायझम (नजरेच्या नसांची फुली), बारीक धमन्या. तिथे आधी आतून पोकळ करायची, मग कवच सोडवायचं.

कॅव्हर्नस सायनसमध्ये किती घुसली आहे ते नॉस्प ग्रेडने सांगतात, ० ते ४. कॅरोटिडला पूर्ण वेढा म्हणजे ४. तिथे ‘सगळी काढतो’ म्हणून शब्द देऊ नये.

भूलथापा (भूल)

माझ्या बाजूचं.

डोकं १५ ते २० अंश वर, म्हणजे शिरांचा रक्तस्राव कमी. प्रोपोफॉलवर शिरेतून भूल, मीन प्रेशर ६५ ते ७५, नाडी साठच्या आसपास. स्कोपच्या टोकावर रक्ताचा एक थेंब म्हणजे सर्जन आंधळा, त्यामुळे इथे आमची कामगिरी स्क्रीनवर थेट दिसते.

ॲड्रेनलिन: पॅटी (नाकात ठेवायच्या कापसाच्या पट्ट्या) भिजवायला १:१०००, टोचायला १:१,००,००० किंवा त्याहून पातळ. दोन्ही एका ट्रेमध्ये पारदर्शक पाण्यासारखे दिसतात, अनर्थ तिथेच होतो. १:१००० कधीही सिरिंजमध्ये भरायचं नाही. वाटीत ओतायचं, रंग घालायचा, मोठ्या अक्षरात लेबल लावायचं. पॅटीमधून शोषलं जाऊन प्रेशर २०० च्या वर गेलं तर बीटा-ब्लॉकर देऊ नका. धमन्या आवळलेल्या असताना हृदयाचा जोर काढून घेतला की फुप्फुसात पाणी भरतं. पॅटी काढा, भूल गडद करा, दोन-चार मिनिटं थांबा. बहुतेकदा आपोआप उतरतं.

ॲक्रोमेगलीत जीभ मोठी, जबडा लांब, कंठ सुजलेला. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप हाताशी, शंका असेल तर जागेपणी फायबरऑप्टिक. कुशिंगच्या आजारात (शरीरात कॉर्टिसोल जास्त होतं) कातडी कागदासारखी, सलाइनची सुई हलक्या हाताने, आणि पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉम्प्रेशन पहिल्यापासून.

शेवट सर्वात नाजूक. घशातलं पॅक काढलं का ते मोठ्याने विचारा. टाळूमागे साचलेली रक्ताची गुठळी बघून शोषा, नाहीतर ट्यूब काढल्यावर तीच श्वासनळीत उतरते. पोट तोंडावाटे रिकामं करा. ट्यूब काढल्यावर मास्कने दाबून हवा द्यायची नाही: नुकत्याच बुजवलेल्या भोकातून हवा थेट कवटीत जाते. नाकातून एअरवे किंवा रायल्स ट्यूब तर नाहीच नाही, आयसीयूच्या पाटीवर लिहून लावा. घोरणाऱ्या पेशंटचं सीपॅप मशीन घरून आलेलं असतं आणि रात्री कोणीतरी प्रेमाने लावतं. ते कपाटात.

मोजणी_पूर्ण (ओटी सिस्टर)

डॉक्टर, पॅकचं तुम्ही विचारता ते बरोबर, पण बोर्डवर आधी लिहिलेलं असेल तरच उत्तर खरं असतं. घशाचं पॅक घातलं की वेळ लिहायची आणि दोरीचं टोक तोंडाबाहेर चिकटवायचं. पॅटी प्रत्येकीला दोरा आहे ना ते हातात घेऊन बघायचं, दोरा तुटलेली बाजूला. मागच्या नाकात रक्तात भिजलेली पॅटी आणि तिथली आतली त्वचा एकाच रंगाची दिसते.

मांडी आणि पोट दोन्ही पहिल्यापासून स्वच्छ करून झाकून ठेवायचं. ‘आज लागणार नाही’ असं ऐकू आलं तरी. चरबी बेंबीजवळून किंवा मांडीतून, फेशिया (स्नायूवरचं चिवट आवरण) मांडीच्या बाहेरच्या बाजूने. चरबी सलाइनमध्ये बुडवून ठेवायची, कोरड्या गॉझवर नाही.

स्कोप धुवायला कोमट सलाइन. थंड पाण्याने काच पुसली की आत गेल्यावर लगेच धुकं. बर बदलताना ड्रिलची दिशा आणि लॉक बघूनच हातात द्यायचं.

उपवनकाठ

सिस्टर, दोऱ्याचा मुद्दा सोन्यासारखा.

आता बंद करण्याकडे. गाठ काढल्यावर भूलवाल्यांना सांगून वल्साल्वा करायचा, म्हणजे फुप्फुसात दाब धरायचा, आणि बघायचं. सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) कसं दिसतं? लाल पाण्यातून एक काळपट, स्वच्छ रेघ वळवळत खाली येते, रक्त तिच्या दोन्ही बाजूंना सरकतं. ती रेघ दिसली की गळती आहे. ओलसर झरा असेल तर चरबीचा तुकडा, वर ड्युराचा पर्याय, ग्लू. डायफ्रॅममध्ये मोठं छिद्र असेल किंवा मेंदूभोवतीच्या त्या पाण्याची टाकीच उघडली असेल तर थर लावायचे: आत फेशिया, मग चरबी, आणि वर नाकाच्या सेप्टमचा फ्लॅप.

हा फ्लॅप २००६ मध्ये हदाद आणि बासागास्तेगी यांच्या नावाने आला आणि या शाखेचा नकाशाच बदलला. त्याआधी मोठ्या छिद्रांत गळती वीस-तीस टक्क्यांत असायची, ती पाच-दहाच्या घरात आली. घेताना तीन गोष्टी. वरचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आवरण सोडायचं, तिथे वास घेणाऱ्या पेशी आहेत. सेप्टमला हाडाचा काटा असेल त्या बाजूने घेऊ नका, काट्यावर आवरण फाटतं. आणि लावताना आवरणाची बाजू नाकाकडे. खालच्या हाडावरचं जुनं आवरण पूर्ण खरवडलेलं हवं, नाहीतर दोन आवरणांच्या मध्ये म्युकोसील (शेंबडाची पिशवी) साठतो आणि तो काही वर्षांनी उगवतो.

काम चालू असताना फ्लॅप घशामागे नेझोफॅरिंक्समध्ये गुंडाळून ठेवायचा. लावण्याआधी फ्लॅपच्या देठाला पीळ नाही ना ते बघा. प्रत्येक पिट्युटरीत फ्लॅप उचलणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. सेप्टम महिना-दोन महिने खपल्या धरतं, वास जातो, नाक कोरडं ठणठणीत. साध्या गाठीत फ्लॅपचा देठ वाचवून ठेवा, लागला तर उचला.

खाडीपलीकडे

फ्लॅपबाबत सहमत. पण लंबर ड्रेनबद्दल (कमरेतून सीएसएफ काढणाऱ्या नळीबद्दल) बोलूया, कारण तिथे श्रद्धाच जास्त चालते. पिट्सबर्गच्या रँडमाइज्ड अभ्यासात मोठ्या गळतीचे १७० पेशंट होते. ड्रेन असलेल्यांत नंतरची गळती ८.२ टक्के, नसलेल्यांत २१.२. ताशी १० मिलि, ७२ तास. म्हणजे मोठं छिद्र असेल, टाकी उघडली असेल तर ड्रेनला पुरावा आहे. साध्या ॲडेनोमात ‘असू दे’ म्हणून ड्रेन घालणं हे सर्जनच्या झोपेसाठी असतं.

मोजणी_पूर्ण

आणि ड्रेनची बाटली कोण बघतं? फिजिओ येतात, पलंग वर करतात, ड्रेन उघडाच. पाच मिनिटांत ४० मिलि. डोकं दुखतं, मग हवा आत शिरते. पलंग हलवायच्या आधी क्लॅम्प बंद, शून्याची रेघ पुन्हा कानाच्या पातळीला, मग उघडायचा. सफाईवाल्या मावशींनाही हे सांगून ठेवायचं.

ऐरोली_नाका (फॅमिली फिजिशियन)

कॅरोटिड फाटली तर?

खाडीपलीकडे

साध्या पिट्युटरीत शंभरात एकापेक्षाही कमी वेळा, क्लायव्हसच्या गाठीत आणि कॉन्ड्रोसार्कोमात (कूर्चेच्या कॅन्सरमध्ये) जास्त. तेव्हा स्कोप बाहेर काढायचा नाही. दुसऱ्या नाकपुडीत नेऊन झोताच्या वरून धरायचा, काच वाचते. दोन मोठी सक्शन. मांडीतून किंवा पोटातून स्नायूचा तुकडा, अंगठ्याच्या पेराएवढा, ठेचून थेट भोकावर, दहाएक मिनिटं दाबून. गॉझ कोंबत राहण्यापेक्षा ठेचलेला स्नायू चांगला धरतो. प्रेशर पाडायचं नाही, कारण मेंदूचा तो अर्धा भाग आता दुसऱ्या बाजूच्या धमनीवर जगतोय. रक्त आधीच क्रॉस-मॅच केलेलं हवं. थांबलं की थेट कॅथ लॅबमध्ये. तेव्हा थांबलं तरी पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत खोटा फुगा होतो, म्हणून अँजिओ पुन्हा.

हे सगळं एकाच इमारतीत हवं. पॅक केलेल्या पेशंटला कळवा पुलावरून दुसरीकडे नेण्याची योजना ही योजना नव्हे. पेशंटने विचारायचा खरा प्रश्न ‘दुर्बिणीने करता का’ हा नाही. ‘रात्री दोन वाजता कॅथ लॅब चालू करणारं कोणी आहे का, आणि कान-नाक-घसावाले पूर्णवेळ टेबलावर असतात का’ हे विचारा.

ग्रंथीपाल

वॉर्डातलं. पहिल्या रात्री तासाला नजर: बोटं मोजून घ्या, दोन्ही डोळे वेगवेगळे. आधी दिसत होतं आणि आता अंधुक, म्हणजे आत रक्त साचलंय असं धरून लगेच सीटी आणि परत ओटी. सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही.

लघवी. ताशी २५०-३०० मिलि सलग दोन-तीन तास, विशिष्ट गुरुत्व १.००५ च्या खाली, सोडियम १४५ च्या वर जातंय: तेव्हा डायबेटिस इन्सिपिडस म्हणा, म्हणजे लघवी रोखणारं हॉर्मोन कमी पडलंय, साखरेचा संबंध नाही. नुसती लघवी जास्त म्हणून डेस्मोप्रेसिन (त्याच हॉर्मोनचं औषध) टोचू नका. ओटीत दिलेलं सलाइनही बाहेर येतंच, आणि ॲक्रोमेगलीत ग्रोथ हॉर्मोन उतरताच साठलेलं पाणी धो-धो जातं. ती चांगली खूण आहे. खरंच लागलं तर १ मायक्रोग्रॅम कातडीखाली, म्हणजे ४ मायक्रोग्रॅमच्या अँप्युलमधला पाव मिलि. नाकाचा स्प्रे अर्थातच नाही, नाक भरलेलं आहे. पुढचा डोस वेळापत्रकाने नाही, लघवी पुन्हा सुटल्यावर.

स्टेरॉइड: आधीचं कॉर्टिसोल चांगलं असेल तर काही ठिकाणी अजिबात देत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळचं कॉर्टिसोल बघतात. कमी असेल तर घरी गोळी, आणि ताप-जुलाबात दुप्पट करायचं हे कागदावर लिहून. कुशिंगच्या आजारात उलट आनंद: ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत कॉर्टिसोल २ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं म्हणजे गाठ निघाली असावी. त्याच वेळी स्टेरॉइड सुरू करावं लागतं, नाहीतर आनंद फार टिकत नाही.

ऐरोली_नाका

घरी आल्यावर आमच्याकडे येतात ते ‘सर्दी झालीय’ म्हणून. एका नाकपुडीतून पाणी, वाकल्यावर जास्त. कसं ओळखायचं? आणि घरी काय करू नये, त्याची आपल्या लोकांच्या भाषेतली यादी द्या.

उपवनकाठ

सर्दीचं पाणी चिकट असतं आणि रुमाल वाळल्यावर कडक होतो. सीएसएफ पाण्यासारखं आणि घशात खारट. खुर्चीत बसवून हनुवटी छातीला टेकवून मिनिटभर थांबवा, टपटप आलं तर पाठवून द्या. ग्लुकोजच्या पट्टीवर विश्वास नको, रक्त आणि शेंबूड दोन्ही तिला फसवतात. खात्रीची तपासणी बीटा-टू ट्रान्सफेरिन. एक मिलि पुरतं. ताप आणि मान आखडलेली असेल तर तपासणीच्या नादी न लागता सरळ दाखल.

घरी चार-सहा आठवडे: नाक शिंकरणं बंद. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती सगळं बंद, ‘योगासनाने काय होतंय’ हे ऐकायचं नाही. शंख, बासरी, फुगे नाहीत. तपकीर तर कायमची. वाकून नमस्कार नको, उभ्यानेच. सिलिंडर, पाण्याची कळशी, नातवंड, चार-पाच किलोच्या वरचं काहीच उचलायचं नाही. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, रात्री लॅक्टुलोज. भारतीय संडासात उकिडवं बसून कुंथणं हा या ऑपरेशनचा पक्का शत्रू. काही दिवस कमोडची खुर्ची आणा. घोडबंदरच्या खड्ड्यांतून मागच्या सीटवर बसून स्कूटरने फॉलोअपला येणं हेही त्याच यादीत. नाकात सलाइनचा हलका फवारा पॅक निघाल्यावर, दाब देऊन धुणं सर्जनने सांगितल्यावरच.

काळंपांढरं

पिट्युटरीपलीकडचं थोडं टाकतो, म्हणजे धागा नावाला जागेल. क्लायव्हसचा कॉर्डोमा (हाडातली गाठ): पहिली तक्रार बऱ्याचदा दोन-दोन दिसण्याची, कारण डोळा बाहेर वळवणारी सहावी नर्व्ह तिथूनच चढते. काढल्यावर जास्त डोसचं रेडिएशन लागतं आणि मेंदूचा देठ लागूनच, म्हणून प्रोटॉन. ते खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये आहे. क्रेनिओफॅरिंजिओमा (पिट्युटरीच्या देठाजवळची गाठ) देठाच्या मागून वर गेलेला असेल तर नाकाची वाट चांगली. ट्युबरक्युलम सेलीचा (सेलाच्या पुढच्या काठाचा) मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, लहान आणि मधोमध असेल तर नाकातून. ऑप्टिकच्या किंवा कॅरोटिडच्या बाहेरच्या बाजूला गेला असेल तर भुवईतल्या तीन-चार सेंमीच्या छेदातून किंवा मोठ्या वाटेने. नाकातून नर्व्ह ओलांडून पलीकडे जायचं नसतं.

उपवनकाठ

आणि पंधरा वर्षांचा मुलगा, वारंवार घोळणा, एक नाकपुडी बंद: अँजिओफायब्रोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ). ओपीडीत तुकडा घेऊ नका, रक्त थांबणार नाही. आधी एम्बोलायझेशन (गाठीचा रक्तपुरवठा आतून बुजवणं), एक ते तीन दिवसांत ऑपरेशन.

ऐरोली_नाका

खर्चाचं काय? महात्मा फुले योजनेत बसतं का?

मोजणी_पूर्ण

ट्रान्सस्फिनॉइडल म्हणून विचारा, ‘दुर्बिणीचं’ म्हणून नाही. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, पूर्वपरवानगीसाठी एमआरआयची फिल्म आणि हॉर्मोनचे रिपोर्ट एकत्र न्या. भरती होण्याआधी.

ग्रंथीपाल

माझं शेवटचं आणि सर्वात महत्त्वाचं: सातव्या दिवसाचं सोडियम. ऑपरेशननंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात दुखावलेल्या देठातून साठलेलं, लघवी रोखणारं तेच हॉर्मोन सुटतं, शरीर पाणी धरून ठेवतं, सोडियम घसरतं. पेशंट तेव्हा घरी असतो. घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आहे, भरपूर पाणी पाज, नारळपाणी दे.’ आणखी घसरतं. मळमळ, डोकं जड, उत्तरं उशिरा. १३० च्या आसपास आणि बरा दिसतो: दिवसाला एक लिटरच्या आत पाणी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. १२५ च्या खाली किंवा गुंगी: भरती. झटका आला तर ३ टक्के सलाइन १०० ते १५० मिलि दहा-वीस मिनिटांत, पण २४ तासांत एकूण वाढ ८ ते १० च्या वर नको, नाहीतर मेंदूच्या देठाला इजा.

डेस्मोप्रेसिनची गोळी चालू असेल आणि तहान नसताना पाणी पीत असतील तरी हेच होतं.

ऐरोली_नाका

सातवा दिवस रविवारी आला तर? आमच्या भागातल्या छोट्या लॅब बंद असतात.

ग्रंथीपाल

शनिवारी सकाळी करा आणि सोमवारी पुन्हा. दोन आकडे एका आकड्यापेक्षा जास्त सांगतात, घसरतंय की चढतंय ते. डिस्चार्जच्या कागदावर तारीख आणि वार दोन्ही लिहून द्या. नुसतं ‘सातव्या दिवशी’ लिहिलं की कोणी ऑपरेशनपासून मोजतं, कोणी घरी आल्यापासून.